टेबलावर मी जागी होते

आमच्या विहारात रविवारी जमणाऱ्या बायकांपैकी दर दोन-तीन महिन्यांनी एखादी मला बाजूला घेते आणि आवाज खाली करून विचारते, "सुनंदाताई, तुमची पिशवी काढली ना? कसं असतं ते?" मी सांगते. टाके किती दिवस ओढतात, खोकला आला तर पोटावर उशी कशी दाबायची, कधीपासून जिने चढायचे. एक गोष्ट मात्र बरीच वर्षं सांगत नव्हते. ती गाळून बाकीचं सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं, हे मला आता पटलंय. म्हणून लिहायला बसले.

चक्कर

मी अंबरनाथला राहते आणि उल्हासनगरमधल्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दाखले, हजेरीपट, शिक्षकांच्या रजा, सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. पाळी महिन्यातले दहा-बारा दिवस चालायची. मी गडद रंगाच्या साड्याच नेसायचे, खुर्चीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवायचे. दर वेळी वाटायचं, पुढच्या महिन्यात कमी होईल.

एकदा जनरल रजिस्टर उचलून कपाटाकडे निघाले आणि कपाटापर्यंत पोचलेच नाही. डोळे उघडले तेव्हा आमच्या सायन्सच्या बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहा.

माझी मोठी बहीण शोभाताई विठ्ठलवाडीला राहते. ती नर्स आहे आणि तेव्हा उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन थिएटरला होती. आमचे वडील लवकर गेले. आई कामावर जायची, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून कॉलेजचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. ती म्हणाली, "आमच्या डॉक्टरांकडेच चल. मी आहे ना तिथे." मला तेवढं पुरेसं होतं.

सोनोग्राफीत पिशवीत गाठी निघाल्या. त्यातली एक कैरीएवढी होती. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावी लागेल. ते ऐकून मला रडू आलं नाही. उलट जरा सुटल्यासारखं झालं, कारण मनात मी आईचाच आजार धरून बसले होते. त्याच्या सहा वर्षं आधी आई पोटातल्या गाठीनं गेली. अंडाशयाचा कॅन्सर होता, कळेपर्यंत उशीर झाला होता.

ऑपरेशनच्या आधी सायन्सच्या बाईंनी मला रफ वहीत चित्र काढून समजावलं होतं. ही पिशवी, ही दोन अंडाशयं. पिशवी गेली की पाळी थांबते, पण अंडाशयं राहिली तर बाकी शरीर आपल्या गतीनं चालतं. दोन्ही काढली तर म्हातारपण एकदम अंगावर येतं. "विचारून घ्या डॉक्टरांना," त्या म्हणाल्या.

मी विचारलं. डॉक्टर हसले. "एकोणचाळीस म्हणजे काही वय नाही. अंडाशयं ठेवणार आपण. निश्चिंत राहा."

ताई माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तयारी

मे महिन्याची सुट्टी पकडून तारीख ठरवली. त्याआधी दोन बाटल्या रक्त चढवलं, लोहाची इंजेक्शनं घेतली. घरी मसाला कुटून ठेवला, तीन प्रकारच्या चटण्या केल्या. पाण्याची पिंपं मोरीतून उचलून कट्ट्यावर ठेवून घेतली, म्हणजे नंतर वाकायला नको. माझे मिस्टर प्रकाश एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत सुपरवायझर. त्यांना कुकर कसा लावायचा ते शिकवलं. मुलगी प्रज्ञा दहावीत जाणार होती. तिला सांगितलं, "दहा दिवसांत मी घरी." ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस, मावशी पंधरा म्हणालीय."

फॉर्मवर मी सही केली ती गर्भाशय काढण्यासाठी. फॉर्म इंग्रजीत होता, पण मी शब्द न् शब्द वाचला. त्यात अंडाशयाचा उल्लेख नव्हता. तोही मी शोधला होता.

टेबल

पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. भूल म्हणजे झोप, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. मी पूर्ण जागी होते. छातीच्या वर हिरवा पडदा लावला होता. पलीकडे माझ्या पोटाशी काहीतरी चाललंय हे कळायचं, पण दुखत नव्हतं. कोणी कपाटाचे खण उपसावेत तसं.

भूल देणारे डॉक्टर डोक्याशी बसले होते. "काय करता?" त्यांनी विचारलं.

"शाळेत क्लार्क आहे."

"अरे वा. माझ्या भाच्याला पाचवीत टाकायचंय. ॲडमिशन मिळेल का?"

मी त्यांना कोणते कागद लागतात ते सांगत होते. जन्माचा दाखला, चौथीचं प्रगतिपुस्तक. तेवढ्यात पडद्यापलीकडचे आवाज थांबले. सर्जन हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मास्क लावलेली ताई दाराबाहेर गेली. दोन-तीन मिनिटांनी आली आणि म्हणाली, "हो म्हणाले."

मी विचारलं, "काय झालं, ताई?"

तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "काही नाही. झालंच आता."

मला वाटलं, आणखी रक्त आणायचं असेल. मी पुन्हा भूलवाल्या डॉक्टरांना सांगू लागले, फोटो दोन लागतात.

दहा दिवस

पहिले दोन दिवस मी कोण आहे याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. लघवीची नळी, सलाईन आणि सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न, "गॅस पास झाला का?" झाला तेव्हा सिस्टरनी जी बातमी वॉर्डभर केली, तिची नंतर मला मजा वाटली. त्यानंतर मिळालेला अर्धा कप चहा मी पंधरा मिनिटं पुरवून प्यायले.

शेजारच्या खाटेवर एक वयस्क सिंधी आंटी होत्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या केसांचा गुंता बघितला आणि स्वतःचा कंगवा घेऊन आल्या. "बेटी, बैठ," म्हणाल्या आणि अर्धा तास माझे केस विंचरत बसल्या. त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही. दुखण्यात अशी माणसं भेटतात, हे मी प्रत्येकीला सांगते.

घरी येताना रिक्षात पोटाला पट्टा होता, पट्ट्यावर उशी होती, आणि प्रकाश प्रत्येक खड्ड्याआधी ड्रायव्हरला म्हणत होते, "आहिस्ता, भाई." घरी त्यांनी कपडे धुतले, भांडी घासली, माझे पाय पुसले. लग्नाच्या सतरा वर्षांत त्यांनी पाण्याचा ग्लास स्वतः घेतला नव्हता. मला वाटलं, माझ्या दुखण्यानं माणूस बदलला. मी विहारात येणाऱ्या बायकांना कौतुकानं सांगायचे. ताई एक दिवसाआड यायची, तपासणीला माझ्याबरोबर यायची, फाइल तिच्या पर्समध्ये असायची. "तू कशाला वजन उचलतेस," म्हणायची. फाइलला कसलं आलंय वजन.

वाफा

दुसरा आठवडा संपायच्या आतच सुरू झालं. छातीतून एक गरम वाफ उठायची, मानेवरून डोक्यापर्यंत जायची आणि मी घामानं निथळायचे. मग थंडी वाजायची. त्या वर्षी आमच्याकडे दुपारी चार-चार तास लोडशेडिंग असायचं. मला वाटलं, उकाडा आहे. पाऊस सुरू झाला तरी वाफा थांबल्या नाहीत.

जूनमध्ये शाळेत जायला लागले. दाखला लिहिताना घामाचे थेंब कागदावर पडायचे. शब्द आठवायचे नाहीत. सांधे धरायचे. झोप उडाली. नवऱ्याचा हात लागला तरी नकोसा व्हायचा. कशावरूनही रडू यायचं, आणि रडू येत नसेल तेव्हा राग यायचा. एकदा प्रज्ञाची कंपासपेटी जमिनीवर पडली, एवढ्यासाठी मी तिच्या थोबाडीत मारली. तिला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता.

ताईला विचारलं, "हे काय होतंय मला?"

"रक्त कमी आहे, अशक्तपणा आहे. कॅल्शियम घे," ती म्हणाली.

"वेड लागतंय का ग?"

"काहीतरीच. मन रमव."

ऑगस्टमध्ये प्रज्ञा अभ्यासासाठी म्हणून ताईकडे राहायला गेली. जाताना मला म्हणाली, "तू बरी झालीस की येते." दोन महिने ती तिथे होती. ज्या बाईला माझ्या रागाचं कारण माहीत होतं, तिच्याच घरात माझी मुलगी माझ्या रागापासून लपली होती.

झेरॉक्स

ऑक्टोबरमध्ये माझ्याच मेडिकल रजेची फाइल पूर्ण करायची होती. हॉस्पिटलचे कागद जोडलेले नव्हते. प्रकाशना विचारलं तर म्हणाले, "ताईंकडे आहेत." ताईला विचारलं तर म्हणाली, "सापडले की देते." तीन आठवडे गेले. दुसऱ्या कोणाची फाइल अशी अडली असती तर मी एव्हाना स्मरणपत्र काढलं असतं.

ताईची सुट्टी होती त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर नर्सिंग होमच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीला म्हटलं, मीही ऑफिसातच काम करते, रजेसाठी कागद हवेत. तिनं फाइल काढली आणि झेरॉक्स करून दिली.

मी तिथल्याच बाकावर बसून वाचलं. लॅबचा रिपोर्ट होता. गर्भाशय, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं. डाव्या अंडाशयावर साधी गाठ, कॅन्सर नाही. उजवं अंडाशय निरोगी. मी 'निरोगी' हा शब्द परत परत वाचला. खाली आणखी एक कागद होता, ऑपरेशनच्या दिवशीचा, हातानं लिहिलेला. अंडाशयं काढण्यास संमती. सही प्रकाशची. साक्षीदार म्हणून सही ताईची.

तिचं अक्षर मी ओळखते. माझ्या पहिलीच्या वह्यांवर नाव तिनंच घातलं होतं.

घर

लोडशेडिंग होतं. प्रकाश खिडकीशी बसून तांदूळ निवडत होते. मी कागद ताटात ठेवला. त्यांनी वाचला नाही, नुसता बघितला.

"रोज वाटायचं, आज सांगू," ते म्हणाले.

"काय झालं होतं?"

"ताई बाहेर आल्या. म्हणाल्या, डाव्या बाजूला गाठ दिसतेय, डॉक्टर विचारतात दोन्ही काढायची का. आमच्या आईचं झालं तसं व्हायला नको. डॉक्टर थांबलेत, लवकर सांगा. मी काय करणार होतो?"

"मला विचारायचं."

"तू बेशुद्ध होतीस."

"मी जागी होते."

त्यांनी वर बघितलं. "जागी?"

"ॲडमिशनला काय काय लागतं ते सांगत होते."

त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण दोन्ही अंडाशयं काढलीत, हे नंतरचे पाच महिने त्यांना माहीत होतं. मी बाथरूममध्ये डोक्यावर पाणी ओतत बसायचे तेव्हा ते दाराबाहेर उभे असायचे. ते धुतलेले कपडे, ती घासलेली भांडी कशाची होती तेही मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर स्वयंपाकघराचं काम मी माझ्या हातात घेतलं. ते म्हणाले, "वाकू नकोस." मी म्हटलं, "तुम्ही मला सांगू नका."

ताई

विठ्ठलवाडीला ताईच्या दारात मी चप्पलही काढली नाही. प्रज्ञाला म्हटलं, "दप्तर भर." ताईनं माझ्या हातातला कागद बघितला आणि गॅस बंद केला.

"तू घाबरली असतीस," ती म्हणाली.

"घाबरले असते. मग?"

"नको म्हणाली असतीस. आणि ती गाठ आईसारखी निघाली असती तर? मी आईचं सगळं दुखणं काढलंय, नंदा. तू शाळेत कामाला जायचीस. मी तिचं पोट रोज बघत होते."

"मला विचारलं असतंस तर मी बहुतेक हो म्हणाले असते."

"मग झालं तर."

"नाही झालं. तू माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि काही नाही म्हणालीस."

ती स्टुलावर बसली. मग जे बोलली ते मला अजून बोचतं. "आईला शेवटपर्यंत अल्सर आहे म्हणून कोणी सांगितलं? मी एकटीनं? तूही होतीस. तेव्हा तुला ते बरोबर वाटलं होतं."

ते खरं होतं. आईनं एकदा माझा हात धरून विचारलं होतं, "तू तरी खरं सांग." मी म्हटलं होतं, "डॉक्टर म्हणतात, बरी होशील." आम्ही दोघींनी मिळून ते ठरवलं होतं, आणि मी त्याला माया म्हणत आले होते. ताईच्या स्वयंपाकघरात उभं राहून पहिल्यांदा वाटलं, आईला कळलं असणार, आणि तीही अशीच एकटी पडली असणार.

पण ताईचं म्हणणं खरं असलं तरी माझा राग गेला नाही. प्रज्ञाचं दप्तर मी उचललं आणि निघाले. ताई मागून म्हणाली, "वजन उचलू नकोस." पुढे दीड वर्ष आम्ही बोललो नाही.

रिक्षात मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. ती पंधरा वर्षांची होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू माझ्यावर चिडत नव्हतीस." मी म्हटलं, "नाही." मग ती रडली.

अर्ज

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना मी जाऊन विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या मिस्टरांची सही आहे."

"माझी नाही."

"बाई, तुम्ही टेबलावर होतात. टेन्शनमध्ये होतात. आम्ही तुमच्या भल्यासाठीच केलं. उद्या त्यातून काही निघालं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, का नाही काढलं."

"तुम्ही ठेवणार म्हणाला होतात."

"आत गेल्यावर परिस्थिती बदलते."

"उजवं निरोगी होतं."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि बाहेरच्या पेशंटला हाक मारली.

मला भांडता येत नाही, पण अर्ज लिहिता येतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी मी पानभर अर्ज लिहिला. मी शुद्धीवर असताना मला न विचारता दोन्ही अंडाशयं का काढली आणि नंतर का सांगितलं नाही, याचं लेखी उत्तर द्यावं. काउंटरवर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. ती पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं नाही. वकिलाकडे जायचं मनात होतं, पण प्रज्ञाची दहावी होती आणि माझ्या अंगात तेवढा जोर नव्हता. गेले नाही याची खंत वाटते, हेही लिहून ठेवते.

बदलापूर

सायन्सच्या बाईंनी बदलापूरच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. त्यांनी कागद वाचले आणि म्हणाल्या, "तुमचं डोकं बिघडलेलं नाही. शरीरातून एक गोष्ट एका दिवसात काढून घेतलीय, ते ती परत मागतंय." एवढं ऐकायला मला सहा महिने लागले होते. मग त्यांनी हार्मोनच्या गोळ्यांचे फायदे सांगितले, धोके सांगितले, आईच्या आजाराचं विचारलं, आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते सांगायला मी तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. त्या थांबल्या. बाहेर पाच पेशंट होते तरी थांबल्या.

गोळ्या सुरू केल्या. वाफा कमी झाल्या, झोप आली. रोज सकाळी शिवमंदिराच्या रस्त्यानं चालायला लागले. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दर वर्षी तपासणी करायची असते. शरीर बऱ्यापैकी सावरलं.

दीड वर्षानं एका दुपारी ताई शाळेत आली. ऑफिसच्या दारात उभी राहिली. माझ्या समोरची खुर्ची मी दाखवली तेव्हा बसली. तिनं त्या आठवड्यातली गोष्ट सांगितली. टेबलावर एक बाई होती, चाळिशीची. डॉक्टर म्हणाले, बाहेर जाऊन नवऱ्याला विचारून ये. ताई जागची हलली नाही. म्हणाली, "पेशंट जागी आहे सर, त्यांनाच विचारा." डॉक्टरांनी नंतर तिला सगळ्यांसमोर झाडलं आणि थिएटरमधून काढून ओपीडीत बसवलं. बावीस वर्षं ती थिएटरला होती.

"त्या बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काढा म्हणाल्या."

मी शिपाईबाईंना दोन चहा सांगितले. तिनं माफी मागितली नाही आणि मीही माफ केलं म्हटलं नाही. आता सणावाराला जाणं-येणं आहे. तिनं केलेली पुरणपोळी मी खाते. पण माझ्या दुखण्याखुपण्याचं मी तिच्याजवळ बोलत नाही. ती विचारते, मी "ठीक आहे" म्हणते, आणि पुढे काय विचारायचं ते तिला कळत नाही.

ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरांना सगळ्यांसमोर सांगा की ऐनवेळी काही बदललं आणि मी शुद्धीवर असले, तर आधी मला विचारा. फॉर्मवर तसं लिहून घ्या. नवऱ्यालाही सांगा, बहिणीलाही सांगा. तुमच्यावर फार जीव असेल तर दोनदा सांगा.

गेल्या महिन्यात हाडांच्या तपासणीला बदलापूरला जायचं होतं. प्रकाश आता रिटायर झालेत. शर्ट बदलून दाराशी उभे राहिले. "मी येऊ का?" म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"या," मी म्हटलं.

दवाखान्यात माझं नाव पुकारलं तशी मी फाइल घेऊन उठले. तेही उठले.

"तुम्ही इथेच बसा," मी म्हटलं.

ते बसले. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.